मॅशअपचा डीजे आणि पाव सेकंदाचा हिशेब

सोलापुरात विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीमचा डाव रंगला की कडेला उभ्या असलेल्यांचेही पाय हलू लागतात. पुढच्या चौकात डीजेवाला पोरगा हलगीच्या ठेक्यावर भलतंच जुनं गाणं चढवतो आणि गर्दी एका दमात ओरडते. ‘त्यात काय, बटणं तर दाबायची’ असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. दोन अनोळखी गाण्यांची मोट बांधणं, म्हणजेच मॅशअप, हे ध्वनिशास्त्राचं फार नाजूक काम आहे.

आधी वेग बघा. एका गाण्यात मिनिटाला १२० ठोके आहेत, दुसऱ्यात १२०.५. दोन्ही एकदम सुरू केली, तर मिनिटभरात त्यांच्यात पाव सेकंदाचं अंतर पडतं आणि एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधे येऊन आदळतो. कान तर त्याच्या कितीतरी आधी कुरकुरतो. म्हणून डीजेचं बोट सतत वेगाच्या सरकपट्टीवर असतं, केसभर पुढे, केसभर मागे. जुनी लावणी घेतली तर काम आणखी अवघड, कारण माणसाने वाजवलेली ढोलकी रंगात आली की चढत जाते. तिथे सगळ्या गाण्याला एकच आकडा लावून भागत नाही. ठोक्या-ठोक्याला खुणा कराव्या लागतात.

खरी गंमत स्वराची आहे. तबकडी जोरात फिरवली की गाण्याचा वेग वाढतो, पण आवाजही पातळ होतो. १०० ठोक्यांचं गाणं १२५ वर नेलं तर प्रत्येक स्वराची कंपनसंख्या सव्वापट होते. सव्वापट म्हणजे थेट शुद्ध गंधार! सा लावलेला गायक ग वर जाऊन बसतो, आणि खालच्या गाण्याच्या पेटीशी त्याचं जुळेनासं होतं.

वेग आणि स्वर यांची ही गाठ सोडवण्याचा एक मार्ग जेम्स फ्लॅनागन आणि रॉजर गोल्डन या बेल प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडला. त्याला फेज व्होकोडर म्हणतात. ध्वनीचे काही मिलिसेकंदांचे, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे करायचे, प्रत्येकात कोणत्या कंपनसंख्या आहेत ते काढायचं, आणि मग तेच तुकडे जवळ किंवा लांब मांडून पुन्हा जोडायचे. स्वर जागेवर राहतो, वेळ तेवढी बदलते. गाण्याच्या लांब आलापाला हे छान मानवतं. हलगीला मात्र नाही. तिचा ‘कडाड’ इतका क्षणिक असतो की तुकड्यांत तो फिसकटतो, धार जाते. त्यामुळे चांगली सॉफ्टवेअर ठोक्याची सुरुवात आधी हुडकतात, तेवढा भाग न ताणता ठेवतात आणि मधली जागा ताणतात.

या कलेतलं मोठं नाव म्हणजे अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा ग्रेग गिलिस, अर्थात ‘गर्ल टॉक’. पेशाने तो जैववैद्यकीय अभियंता होता. २०१० च्या त्याच्या अल्बममध्ये इतरांच्या गाण्यांचे तीनशेहून जास्त तुकडे आहेत. कार्यक्रमात प्रेक्षक मंचावर चढून त्याच्याभोवती नाचतात, आणि तो घामाघूम होऊन लॅपटॉपवर एकेक तुकडा चालू-बंद करत असतो. असा लॅपटॉप घामापासून वाचवायला त्यावर प्लास्टिक गुंडाळावं लागतं.

आणि पाय का हलतात? नुसता ताल ऐकतानाही मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग जागे होतात, माणूस खुर्चीत स्वस्थ बसलेला असला तरी. त्यात बेसचा, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा, वाटा मोठा. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका खऱ्याखुऱ्या इलेक्ट्रॉनिक मैफलीत अतिमंद कंपनांचे स्पीकर अडीच-अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. २०२२ मध्ये निकाल छापून आला: ते चालू असताना लोकांची हालचाल ११.८ टक्क्यांनी वाढत होती. ही कंपनं मात्र जाणवण्याच्या सीमेवरची होती; वेगळ्या चाचणीत ती आहेत की नाहीत हे लोकांना ओळखता आलं नाही.

म्हणजे पाय हलवायला कानठळ्या बसाव्या लागत नाहीत. म्हणून सोलापूरच्या नवी पेठेत डीजेच्या आवाजाने दुकानांची शटरं थरथरायला लागतात तेव्हा मला वाईट वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि कानाला सोसणारा वेळ निम्म्यावर येतो. वाढलेल्या डेसिबलमुळे निसटलेला ठोका जुळत नाही आणि चुकीचा गंधार सा वर येत नाही. ते काम त्या सरकपट्टीवरच्या बोटाचं आहे, आणि ते आपल्या पोरांना उत्तम येतं.