परागकण जास्त, म्हणून झाडे जास्त?

तळ्याच्या गाळात ज्या झाडाचे परागकण सर्वाधिक सापडतात त्याचेच त्या काळी तेथे रान होते आणि त्यावरून तेव्हाचे हवामान थेट वाचता येते, असा समज दीर्घकाळ रूढ आहे. तो चुकीचा आहे. स्पोरोपोलेनिन या विलक्षण चिवट द्रव्यामुळे परागकणांचे कवच लाखो वर्षे टिकते हे खरे, परंतु सगळीच झाडे सारखे पराग सोडत नाहीत. पाइनच्या परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यामुळे तो वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातो आणि एकही पाइन नसलेल्या टुंड्रातील तळ्यांतही आढळतो. उलट मॅपल भोवती भरपूर असूनही गाळात कमीच दिसतो.

स्वीडनचे भूशास्त्रज्ञ लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये परागकणांच्या टक्केवारीचे आलेख मांडले, आणि गाळातील परागांवरून जुनी वनसृष्टी ओळखण्याच्या या शास्त्राचा पाया त्यांनीच घातला. मात्र टक्केवारीत एक घटक वाढला की उरलेले आपोआप घटतात, मग ती झाडे प्रत्यक्षात कमी झालेली असोत वा नसोत. गैरसमजाचे मूळ बहुधा येथेच आहे. म्हणून अभ्यासक आजच्या गाळातील पराग आणि भोवतीची वनस्पती यांची तुलना करून आकडे दुरुस्त करतात, शिवाय फारशी दूर न जाणारी अश्मीभूत पाने व बियाही तपासतात. गाळात पाइनची एखादी सुई, म्हणजे त्याचे सुईसारखे पान, मिळाली, तर जवळपास पाइन असल्याचा तो हजारो परागकणांहून भक्कम पुरावा ठरतो.