तरुणपणातील वजनवाढ

साधारण १८ ते ३५ या वयात, उंची वाढायची थांबल्यानंतर, वर्षाला अर्धा-एक किलो अशा गतीने चढत जाणारे वजन. गती मंद असल्यामुळे ते लक्षात येत नाही. आलेच तर ‘अंग भरलं’ किंवा ‘लग्न मानवलं’ असे कौतुकच होते.

पंचविशी उलटली की चयापचय मंदावतो आणि म्हणून पोट सुटते, हा समज सर्वत्र आहे. तो खरा नाही. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ६,४००हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापे प्रसिद्ध केली. शरीराचे आकारमान विचारात घेतल्यावर हा खर्च २० ते ६० या वयात जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यांत दिसले.

बदलते ती दिनचर्या. कॉलेज संपते, मैदान सुटते, नोकरी खुर्चीतली मिळते. शहरात एकट्याने राहणाऱ्याचे जेवण मेसवर किंवा मोबाइलवरून मागवलेल्या पार्सलवर येते. रात्रपाळीने झोप तुटते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. चहा तर हिशेबात कोणी धरतच नाही: दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला सुमारे १६० कॅलरी, त्याही फक्त साखरेच्या. कारखान्यात तयार होणाऱ्या अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा परिणाम पोषण-संशोधक केविन हॉल यांनी अमेरिकेत २० जणांवर तपासला (२०१९). हवे तितके खाण्याची मुभा असताना, असा आहार घेणाऱ्यांच्या पोटात रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त गेल्या.

भारतीयांच्या बाबतीत वजनकाटा पुरेसा बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक (किलोमधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. हातपाय बारीक आणि पोटाशी चरबी, ही ठेवण मधुमेहाला लवकर वाट करून देते. म्हणून भारतीयांसाठी निर्देशांक २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या आत असावा. पँटचा नंबर म्हणजे हा घेर नव्हे, कारण पँट पोटाखाली सरकवता येते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप लावून तो मोजतात.

वाढलेले वजन उतरवण्यापेक्षा ते वाढू न देणे सोपे. १८ ते ३५ वयाच्या ५९९ जणांवरील एका अमेरिकी चाचणीत (२०१६) एका गटाने रोजच्या खाण्या-चालण्यात छोटे बदल केले. दुसऱ्याने आधी थोडे वजन उतरवून, पुढे थोडे वाढले तरी चालेल असा राखीव फरक तयार केला. सुमारे तीन वर्षांत दोन्ही गट तुलनेच्या गटापेक्षा सरस ठरले. नियमित वजन करणे दोन्हींत होते. महिनाभराच्या ‘क्रॅश डाएट’पेक्षा हा मार्ग नीरस आहे, पण टिकणारा आहे. जोडीला जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम सुचवते.

वजन काही आठवड्यांतच झपाट्याने वाढले, किंवा सोबत पाळी अनियमित झाली, तर थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, पीसीओएस (स्त्रियांतील संप्रेरकांचा एक बिघाड) किंवा स्टेरॉइडसारखी औषधे हे कारण असू शकते. तिथे आहाराआधी डॉक्टरांची तपासणी लागते.