‘मरेना कां मेला’ : मराठी कवितेतल्या आजाऱ्याची पार्श्वभूमी

मराठीतलं म्हातारपणाचं सगळ्यात निर्दय वर्णन केलं ते ऐन तारुण्यातल्या एका कवीनं. ज्ञानेश्वरी सांगून झाली शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. परंपरा धरली तर ज्ञानेश्वरांचं वय तेव्हा पंधराच्या आसपास होतं, आणि इतर हिशेब मान्य केले तरी विशीच्या पलीकडे ते जात नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतलं दुःख सतत डोळ्यांपुढे ठेवावं, असं एका ओळीत येतं. ज्ञानेश्वर त्या ओळीपाशी थांबतात आणि शरीर उलगडून दाखवायला लागतात. आज भरलेलं दिसणारं हे अंग उद्या वाळलेल्या काचरीसारखं होईल. कमळाच्या पाकळ्यांशी भांडणारे डोळे पिकलेल्या पडवळासारखे होतील. ओव्यांमागून ओव्या हे चालू राहतं.

वर्णन इतकं जवळून केलेलं असलं, तरी ते शरीर कोणाचं, हे मात्र कळत नाही. ते कोणाचंही आहे. इथे शरीर पुरावा म्हणून येतं. वैराग्य पटवायचं तर झिजणारं अंग दाखवण्याइतका बिनतोड पुरावा दुसरा नाही. या विषयावरची आपली जुनी कविता बहुतेक याच कामाला लागलेली आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात अंग आकसतं, चाल ढळते, दात पडतात, आणि वामनपंडितांनी तो भर्तृहरी मराठीत आणला.

याला एक मोठा अपवाद फार आधीचा आहे. थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या पाली गाथांच्या संग्रहात, वैशालीची एकेकाळची गणिका आम्रपाली, पालीत अंबपाली, स्वतःच्या देहाची मोजदाद करते. भुंग्यांसारखे काळे केस आता तागासारखे झाले, असं म्हणत ती भुवया, डोळे, दात, गळा, हात, पाय असं एकेक अंग घेत जाते. प्रत्येक कडव्यात एकेकाळी काय होतं आणि आता काय आहे, हे समोरासमोर येतं, आणि प्रत्येक कडवं बुद्धाचं वचन खोटं ठरत नाही या ध्रुवपदावर संपतं. म्हणजे शेवटी धडा तोच, पण अंग तिचं स्वतःचं. ज्या देहावर तिची सारी ख्याती उभी होती, त्याबद्दल ती बोलते आहे. त्यामुळे उपदेशाखाली एक हिशेबी कोरडेपणा राहतो, आणि मला तो उपदेशापेक्षा जास्त पटतो.

मराठी संतांकडे परत येऊ. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचं निरूपण आहे. त्यातल्या आध्यात्मिक तापाच्या, म्हणजे स्वतःच्याच देहामनातून उठणाऱ्या दुःखाच्या, समासात रामदास चक्क रोगांची यादी लावतात: ‘खरूज खवडे पुळिया नारु । नखरुड मांजऱ्या देवि गोवरु’. असे रोग मोजत जायचे आणि ओवी संपवायची ‘या नांव आध्यात्मिक’ म्हणून. काव्य म्हणून हा समास कोणी डोक्यावर घेत नाही. पण सतराव्या शतकातल्या माणसाला काय काय व्हायचं, हे कळायला तो एखाद्या वैद्याच्या वहीइतका उपयोगी आहे. यातल्या देवी जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, आणि भारत नारूमुक्त झाल्याचं २००० मध्ये. खरूज अजून आहे.

तुकारामांचा अभंग याहून वेगळा आहे, आणि या साऱ्या परंपरेत एकच रचना निवडायची झाली तर मी तीच निवडेन. ‘म्हातारपणीं थेटे पडसें खोकला । हात कपाळाला लावुनि बैसे’ अशी त्याची सुरुवात. तोंडाची खोबऱ्याची वाटी झाली आहे, नाक गळतं आहे, बोलायला जावं तर कफानं घसा घरघरतो. इथवर ज्ञानेश्वरांचीच वाट आहे, उपमाही तशाच स्वयंपाकघरातल्या. मग पुढची ओळ येते: ‘सेजारी म्हणती मरेना कां मेला । आणिला कांटाळा येणें आम्हां’. आजारी माणसाच्या भोवती घर असतं, वस्ती असते आणि तिला त्याचा कंटाळा येतो, ही गोष्ट इथे थेट शेजाऱ्याच्या तोंडून येते. शेवटी रामनाम आहेच. पण अभंग ऐकणाऱ्याच्या कानात राहतो तो शेजारी.

स्वतःच्या दुखण्यावर, ते अंगात असताना, सबंध काव्य रचलं जावं असं उदाहरण मात्र काशीत सापडतं. तुलसीदासांचं निधन १६२३ मधलं. उतारवयात त्यांचा हात असह्य दुखू लागला आणि त्यातून ४४ छंदांचं ‘हनुमान बाहुक’ झालं. आज ते पाठाच्या पुस्तकांत स्तोत्र म्हणून छापलं जातं, म्हणून त्यातला संताप सहज नजरेआड होतो. औषधं झाली, यंत्र-मंत्र झाले, तोडगे झाले, देव आळवून झाले, दुखणं वाढतच आहे, असं ते सरळ सांगतात. मग ‘पाँय पीर, पेट पीर, बाहु पीर, मुँह पीर’ म्हणत सगळं अंगच पीडामय झाल्याचं सांगतात. एका छंदात अंगावरच्या फोडांबद्दल ते म्हणतात की रामरायाचं खाल्लेलं मीठच आता फुटून बाहेर पडतं आहे. आजाराचा दोष स्वतःवर घेताना त्यांनी धन्याच्या मिठाची भाषा वापरली आणि त्याच दमात धन्याला जाबही विचारला. शेवटच्या छंदात तर पेरलं ते उगवलं असं मानून मीही गप्प राहतो, अशी जवळजवळ रुसल्यासारखी भाषा येते. हा देह कोणाला काही शिकवण्यासाठी आणलेला नाही. तो दुखतो आहे, एवढंच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून तो पसरत गेला. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हटले जाणारे केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनंच गेले. पण त्या साथीची गाठ शब्दांत उतरलेली दिसते ती बहिणाबाई चौधरींच्या ‘पिलोक’मध्ये, म्हणजे प्लेगवरच्या कवितेत. काखेत आणि जांघेत आलेल्या गाठी, गावाबाहेर पडलेल्या झोपड्या आणि गावातच झालेली मसणवट, हे सगळं त्यात आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईच्या ओव्या इतरांनी उतरवून घेतल्या आणि १९५२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, त्यांचं पुस्तक झालं.

त्याच काळातल्या शिकलेल्या कवींच्या बाबतीत आजार बहुधा कवितेत न येता चरित्रात गेला. राम गणेश गडकरी, म्हणजे गोविंदाग्रज, २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला क्षयानं गेले, वय ३३. ‘भावबंधन’ नाटक त्यांनी मृत्यूच्या अगदी तोंडावर पुरं केलं, हे आपण कौतुकानं सांगतो. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्येच दाखवून दिला होता, तरी तरुण, प्रतिभावान, खंगत जाणारा कवी ही प्रतिमा पुढे कितीतरी वर्षं टिकली. या प्रतिमेत थुंकी नसते, ताप नसतो, औषधाचा खर्च नसतो. तुकारामांच्या अभंगातला शेजारी तर नसतोच.

तो सगळा घाणीचा भाग परत कवितेत आणला तो नामदेव ढसाळांनी. ‘गोलपिठा’ हा त्यांचा संग्रह १९७२ चा. कामाठीपुऱ्याच्या, म्हणजे मुंबईतल्या वेश्यावस्तीच्या, परिसरातली शरीरं, त्यांचे रोग आणि त्यांचा बाजारभाव त्यात सभ्य शब्द न शोधता येतात. पुढे ढसाळांना स्वतःलाच मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या आजारानं अनेक वर्षं छळलं. २०१४ च्या जानेवारीत ते गेले तेव्हा आतड्याचा कर्करोगही जडलेला होता. अरुण कोलटकर २००४ मध्ये पोटाच्या कर्करोगानं गेले. त्यांची ‘भिजकी वही’सह बरीच पुस्तकं शेवटच्या एक-दोन वर्षांतच आली, म्हणून ती मृत्यूच्या सावलीतली म्हणून वाचायचा मोह होतो. पण ‘भिजकी वही’त रडतात त्या जगभरच्या पुराणांतल्या आणि इतिहासातल्या स्त्रिया. कोलटकर स्वतःच्या पोटाबद्दल तिथे बोलत नाहीत आणि त्यांच्या तोंडी ते घालण्याचं कारणही नाही.

मुंबईत आणखी एक कवी होता, इंग्रजीत लिहिणारा आणि पेशानं डॉक्टर. गीव्ह पटेल (१९४०–२०२३) मुंबईत जनरल प्रॅक्टिस करत आणि चित्रंही काढत. १९७६ च्या त्यांच्या संग्रहाचं नावच ‘हाऊ डू यू विदस्टँड, बॉडी’, म्हणजे देहा, तू हे सगळं सोसतोस तरी कसं. त्यांची शवविच्छेदनावरची कविता हनुवटीपासून खाली चिरलेला माणूस समोर ठेवते, आणि हे किती झटकन होतं याचं तिला आश्चर्य वाटतं. ज्ञानेश्वरांचा श्रोता मुमुक्षू होता, तुलसीदासांचा हनुमान. पटेल प्रश्न विचारतात तो थेट देहालाच.

मराठीत रुग्णानं स्वतः, नावागावासकट, आपल्या उपचारांबद्दल बोलण्याचं काम मात्र पुढे कवितेपेक्षा गद्यानं जास्त केलं. मूत्रपिंडाच्या आजारावर आणि रोपणावर पद्मजा फाटकांनी लिहिलं ते ‘हसरी किडनी’ हे अनुभवकथन. डायलिसिसची पाळी, दात्याचा शोध, बिलं, तपासण्यांचे आकडे, घरच्यांची धावपळ या तपशिलाला गद्यात ऐसपैस जागा मिळते. कवितेत तो आणायचा तर रामदासांसारखी यादी करायची तयारी लागते, आणि आजच्या कवींना यादीचं वावडं आहे असं मला तरी दिसत नाही.