'गोळ्या बदलल्या' म्हणजे नेमकं काय झालं? एचआयव्हीच्या औषधांची पार्श्वभूमी

२०२०-२१ च्या आसपास आपल्याकडे सरसकट टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं एकत्र असलेली एचआयव्हीची गोळी, सुरू झाली तेव्हा एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) सेंटरच्या बाकावर एकच प्रश्न सारखा ऐकू यायचा, "मला सेकंड लाइनला टाकलं का?" म्हणजे पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या की देतात त्या दुसऱ्या संचावर. कौन्सिलर सांगून सांगून थकायचे की नाही हो, ही आधीपेक्षा चांगली गोळी आहे, सगळ्यांचीच बदलतेय. पण माणसं ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि बाहेर येऊन परत शेजारच्याला तेच विचारायची. ही भीती कुठून आली हे समजायचं असेल तर मागे जावं लागतं, आणि फार मागे नाही, २००४ पर्यंतच.

त्याआधीचं थोडक्यात. १९८७ मध्ये झिडोव्ह्युडिन आलं तेव्हा ते दर चार तासांनी घ्यायचं, डोस आजच्या निदान दुप्पट, आणि रक्त इतकं कमी व्हायचं की काहींना रक्त चढवावं लागायचं. १९९६ नंतर तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि पहिल्यांदा माणसं मरायची थांबली. त्यातलं इंडिनाव्हिर उपाशीपोटी दर आठ तासांनी, वर भरपूर पाणी, नाहीतर मूतखडा ठरलेला. पण वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांसाठी ही बातमी पेपरातच राहिली. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली आणि सगळं गणित फिरलं. त्या तीन औषधांत एक होतं स्टॅव्युडिन, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

१ एप्रिल २००४ ला सरकारी दवाखान्यांत मोफत एआरटी सुरू झाली, सुरुवातीला मोजक्या आठ ठिकाणी, त्यात मुंबई होती. गोळ्यांची नावं लोकांनी पटकन उचलली. एसएलएन म्हणजे स्टॅव्युडिन, लॅमिव्ह्युडिन, नेव्हिरापिन. झेडएलएन म्हणजे पहिल्याच्या जागी झिडोव्ह्युडिन. वजन ६० किलोच्या वर असेल तर स्टॅव्युडिन ४० मिलिग्रॅमचं, खाली असेल तर ३० चं. पहिले दोन आठवडे नेव्हिरापिन दिवसातून एकदाच, अंगावर पुरळ येतंय का बघायचं, मग दोनदा. हे १४ दिवस फार महत्त्वाचे होते कारण नेव्हिरापिनची रिअ‍ॅक्शन आली तर कातडी सोलून निघण्यापर्यंत जाऊ शकते किंवा लिव्हरवर जाते, आणि ज्या बायकांचा सीडी फोर (विषाणूशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींचा आकडा) २५० च्या वर आहे त्यांना लिव्हरचा धोका जास्त, म्हणजे तब्येत जरा बरी असलेल्या बाईलाच जास्त जपावं लागायचं.

आता स्टॅव्युडिनच का निवडलं? याची कारणं खोटी नव्हती हे आधी मान्य करायला हवं. एक तर स्वस्त. दुसरं, झिडोव्ह्युडिनने हिमोग्लोबिन उतरतं आणि आपल्या देशात निम्म्याहून जास्त बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, त्यात आजाराने खंगलेली माणसं, मग झेडएलएन देणार कुणाला? तिसरं म्हणजे स्टॅव्युडिनला सुरुवातीला रक्ताच्या तपासण्या फारशा लागत नाहीत, तालुक्याच्या पातळीवर हे सोयीचं. आणि पहिल्या सहा महिन्यांत माणूस खरंच उठून बसायचा. ३२ किलोची बाई ४५ ची झालेली मी स्वतः पाहिलेली आहे, घरच्यांनी आशा सोडलेली, आणि ती परत खुरपायला गेली. एसएलएनने लाखो जीव वाचवले यात वादच नाही.

पण हे औषध विषाणूबरोबर आपल्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियालाही, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागालाही, मारतं. त्याचा परिणाम हळूहळू दिसतो, वर्ष दीड वर्षाने. तळपायाची आग, मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. मग गाल बसतात, हातापायाची चरबी जाते आणि शिरा दोरीसारख्या वर येतात. क्वचित कुणाला रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढायचं, नुसतं मळमळतंय, दम लागतोय म्हणून माणूस यायचा आणि जीवावर बेतायचं. टीबी असेल तर आयसोनियाझिड सोबत चालू, तेही पायाच्या नसांवरच जातं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. नसा जपायला पायरिडॉक्सिन (बी सिक्स जीवनसत्त्व) द्यायचं ठरलेलं होतं, पण ते प्रत्येक वेळी हातात पडायचंच असं नाही.

गाल बसणं हा तर निव्वळ शरीराचा प्रश्न नव्हताच. आजार झाकून ठेवायचा म्हणून माणसं पाच तास एसटीने दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेंटरला जायची, आणि औषधच तोंडावर लिहून ठेवायचं की याला काय झालंय. गावात लोकांना चेहरा वाचता यायला लागला होता. वजन आणि सीडी फोर वाढतोय म्हणजे पेशंट उत्तम असं कागद सांगायचा, आणि बाई आरशात बघणं सोडून देते हे लिहायला कागदावर रकानाच नव्हता.

स्टॅव्युडिन किती काळ चालू ठेवायचं हा निर्णय मला आजही खटकतो. श्रीमंत देशांतल्या डॉक्टरांनी ते २००४ च्या सुमारास नव्या पेशंटना देणं जवळपास बंद केलं होतं, म्हणजे आपल्याकडे मोफत सुरू झालं त्याच सुमारास. २००७ मध्ये जागतिक पातळीवर सांगितलं गेलं की ४० चा डोस बंद करा, वजन काहीही असो सगळ्यांना ३० च द्या. २००९ च्या शेवटी सांगितलं गेलं की हळूहळू हे औषधच काढा, टेनोफोव्हिर किंवा झिडोव्ह्युडिन द्या. पण 'हळूहळू' या शब्दात खूप वर्षं मावतात. टेनोफोव्हिर कितीतरी महाग, आणि जो पैसा आहे त्यात जुन्यांच्या गोळ्या सुधारायच्या की नव्या लोकांना निदान काहीतरी सुरू करायचं, असा तो पेच होता. रांगेत माणसं मरत होती तेव्हा आकडा वाढवणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्यांचे पाय आधीच जळत होते त्यांना थांबवून ठेवायला नको होतं, त्यांच्यासाठी तरी लवकर व्हायला हवं होतं, कारण नसांचं आणि चरबीचं नुकसान एका मर्यादेपलीकडे गेलं की औषध थांबवूनही पुरतं भरून येत नाही.

आता मूळ घोळाकडे येतो. 'गोळ्या बदलल्या' या दोन शब्दांत आपल्याकडे दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या. एक म्हणजे सब्स्टिट्यूशन, औषध सोसत नाही म्हणून तीनपैकी एक बदलायचं, बाकी उपचार तसाच, विषाणू काबूतच. दुसरी म्हणजे स्विच, औषध लागूच पडेनासं झालं, विषाणूने रेझिस्टन्स धरला, म्हणजे तो औषधाला दाद देईना, म्हणून अख्खा संच बदलून सेकंड लाइन. डॉक्टरच्या भाषेत जमीन अस्मानाचा फरक, पेशंटच्या कानावर दोन्ही वेळा एकच, "तुमच्या गोळ्या बदलाव्या लागतील." त्यात सेकंड लाइन सरकारी पातळीवर २००८ मध्ये सुरू झाली तीही प्रायोगिक, मुंबई आणि चेन्नईजवळच्या तांबरमला, आणि सुरुवातीला कुणाला मिळणार याच्या अटी होत्या. खाजगीत अर्धवट उपचार घेऊन आलेल्यांना आधी दारातच अडवलं जायचं. थर्ड लाइनचं तर तेव्हा नावच नव्हतं. म्हणजे सेकंड लाइन ही शेवटची पायरी, त्यानंतर काही नाही, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं आणि तेव्हाच्या परिस्थितीत ते चूकही नव्हतं.

मग माणसं काय करायची? पाय जळतात हे लपवायची. डॉक्टरने विचारलं काही त्रास? नाही, काही नाही. एका मावशींनी मला सांगितलेलं अजून आठवतं, त्या रात्री पाय ओल्या फडक्यात गुंडाळून झोपायच्या आणि सेंटरला गेल्यावर ताठ चालायच्या, का तर पाय दुखतो म्हटलं की शेवटच्या गोळ्या देतील आणि मग आपलं संपलं. त्यांना फक्त एक गोळी बदलून मिळाली असती. साइड इफेक्टची नोंद कागदावर कमी दिसायची यातला काही भाग तरी असा लपवलेला होता.

टीबीने हा घोळ अजून वाढवला. टीबीवरचं रिफाम्पिसिन लिव्हरला असं कामाला लावतं की नेव्हिरापिन अंगातून लवकर निघून जातं, रक्तात पुरत नाही. म्हणून टीबीचं औषध चालू असेपर्यंत नेव्हिरापिन काढून इफाव्हिरेन्झ द्यायचं, टीबी संपला की परत नेव्हिरापिनवर आणायचं. म्हणजे एकाच माणसाच्या गोळ्या वर्षात दोनदा बदलायच्या आणि दोन्ही वेळा एचआयव्हीचं काही बिघडलेलं नसायचं. आणि लागू पडतंय की नाही हे थेट दाखवणारी व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी सगळ्यांना नियमित मिळायला २०१८ उजाडलं. तोवर सहा महिन्यांनी सीडी फोर बघायचा आणि तो घसरेपर्यंत विषाणूने बऱ्याचदा रेझिस्टन्स धरलेला असायचा.

मग टीएलई आली, टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, इफाव्हिरेन्झ, रात्री एकच गोळी. गाल वाचले. पण इफाव्हिरेन्झने गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, काहींचं मन खूप खाली जायचं, तेलकट जेवणावर घेतली तर जास्तच. टेनोफोव्हिर किडनीवर लक्ष ठेवायला लावतं, आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून किडनीला ताण देणारं डायक्लोफेनॅक आणून महिनोन्‌महिने खाणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. याच काळात २०११ मध्ये एक मोठा अभ्यास जाहीर झाला, त्यात पुण्यातलीही जोडपी होती, आणि लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी होतं हे दिसलं. त्यामुळे मग २०१७ पासून सीडी फोर कितीही असो, निदान झालं की गोळ्या सुरू. साहजिकच आता ज्यांना काहीच त्रास होत नाही अशी धडधाकट माणसंही औषधावर आली, आणि धडधाकट माणसाला साइड इफेक्ट जास्त टोचतो, आधी बरं वाटत होतं ना.

टीएलडीतल्या डोल्युटेग्राव्हिरचं बायकांच्या बाबतीत जे झालं तेही सांगायला हवं. २०१८ च्या मे मध्ये बोट्स्वानातून बातमी आली की गर्भ राहताना हे औषध चालू असलेल्या ४२६ जणींमध्ये ४ बाळांच्या मेंदू किंवा मज्जारज्जूच्या जडणघडणीत दोष निघाला. अनेक देशांनी तरुण बायकांना हे औषध द्यायचं थांबवलं किंवा गर्भनिरोधकाची अट घातली. वर्षभराने १६८३ जणींमध्ये ५ असं झालं, म्हणजे प्रमाण तिपटीने खाली, आणि पुढे आकडे वाढत गेले तसा इतर औषधांशी फरकच उरला नाही. इफाव्हिरेन्झच्या बाबतीतही आधी अशीच भीती होती आणि तीही नंतर मागे घेतली गेली. सावध राहणं बरोबरच होतं, पण दोन्ही वेळा जास्त चांगली गोळी उशिरा मिळाली ती बायकांनाच, आणि त्यांना विचारलं किती वेळा गेलं?

टीएलडी आज खरंच चांगली आहे. रेझिस्टन्स सहज येत नाही, व्हायरल लोड लवकर खाली जातो. वजन वाढतं, काहींची झोप उडते. पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम बघतात, थोडं वर दिसतं, ते बरेचदा किडनी बिघडल्याने नाही तर किडनीतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट या औषधाने अडते म्हणून, आणि इथे परत कुणीतरी घाबरून 'गोळ्या बदलू' म्हणतं. रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागतं, म्हणजे टीएलडी शिवाय बारा तासांनी एक वेगळी गोळी. शुगरवरच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण टीएलडी वाढवते, म्हणून शुगरवाल्यांना दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या किंवा पातळ औषध, ज्यात अ‍ॅल्युमिनियम मॅग्नेशियम असतं, ते टीएलडीनंतर दोन तासांनी किंवा तिच्या सहा तास आधी. लोह आणि कॅल्शियमचंही तेच, फक्त ते जेवणासोबत एकत्र घेतलं तर चालतं. गरोदर बाईला एकीकडून लोह कॅल्शियम मिळतं, दुसरीकडून टीएलडी, आणि दोन्ही देणाऱ्यांचं एकमेकांशी बोलणं झालेलं असतंच असं नाही.

सेकंड लाइनवरच्यांना त्या संचातल्या रिटोनाव्हिर या औषधामुळे याहून जपावं लागतं. अर्धशिशीवरची अर्गोटामिनची गोळी त्याच्यासोबत घेतली तर हातापायाचा रक्तपुरवठा बंद होऊ शकतो. दम्याच्या काही स्टिरॉइड पंपांनी अंग सुजतं. याच्या याद्या सगळीकडे छापलेल्या आहेत, पण गावातल्या डॉक्टरला पेशंटने सांगितलंच नाही की मी एआरटीवर आहे, तर यादी काय करणार? आणि तो सांगत नाही कारण मागच्या वेळी सांगितलं तेव्हा टाके घालायला नकार मिळाला होता.

एसएलएनच्या काळातली बरीच माणसं आज साठीला आलीत, टीएलडीवर आहेत, व्हायरल लोड सापडत नाही. पाय अजून जळतात. आता शुगरही निघाली की तपासणारा म्हणतो हे शुगरमुळे, आणि २००६ ते २०१२ कुठली गोळी चालू होती हे विचारत नाही. एआरटी सेंटरने दिलेलं जुनं हिरवं पुस्तक जपून ठेवलं असेल तर त्यात एसएलएन ४० ची नोंद सापडते, सोबत नेत जा, पहिलं पान उघडून दाखवा.