भिंतीला पुट्टी की पीओपी?

कोल्हापुरात दुधाळीजवळच्या आमच्या जुन्या घराचं काम अर्ध्यावर आलंय. माडीवर फरशी बसली, खाली गिलावा झाला, आता रोज सकाळी एकच विषय असतो, भिंती गुळगुळीत कशा करायच्या. रंगारी म्हणतो पुट्टी, छताचं काम करणारा म्हणतो पीओपी, आणि शेजारचे काका म्हणतात, "दोन्ही पांढरंच की रे, काय फरक पडतोय?"

फरक पडतो, काका.

पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, जिप्सम नावाचं खनिज भाजून केलेली पूड. जिप्सम साधारण १५० अंशांवर तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं. घमेल्यात पुन्हा पाणी मिळालं की ते पाणी धरून घट्ट व्हायला लागतं. त्या वेळी घमेल्याला हात लावून बघा, कोमट लागतं. पंधरा-वीस मिनिटांत माल हाताबाहेर जातो, म्हणून कारागीर एका वेळी थोडंच कालवतो. पुट्टीत पांढरं सिमेंट, दगडाची बारीक पूड आणि चिकटपणासाठी पॉलिमर असतं. ती सावकाश घट्ट होते आणि पाण्याला घाबरत नाही.

कामंही वेगळी. पीओपीचा थर जाड बसतो, त्यानं भिंत ओळंब्यात आणता येते. पुट्टी ही भिंतीची नुसती कातडी. दोन हात मिळून दोन-तीन मिलिमीटर, त्यापुढे जाऊ नये. आमच्या सोप्यातल्या दगडी भिंतीला ॲल्युमिनियमची पट्टी लावली, तर मधोमध पाऊण इंच फट, पलीकडचा उजेड दिसत होता. तेवढा खड्डा पुट्टीनं भरला असता तर सुकताना तडे जाऊन पोपडेच पडले असते. तिथं सिमेंटचा गिलावा पुन्हा चढवला.

पीओपीनं का भरला नाही? कारण हे कोल्हापूर आहे. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ व २०२१ साली पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली. त्याआधी एका ठेकेदारानं आमच्या तळमजल्याला पीओपी केलं होतं. २०१९ चा पूर ओसरल्यावर कमरेएवढ्या उंचीपर्यंतचा थर फुगला होता. बोट दाबलं की आत जायचं, ओल्या खडूसारखं. आई रोज सुपलीनं पांढरा चुरा भरून बाहेर टाकायची. ते दिवस मी विसरलेलो नाही.

यावर काका म्हणाले, "मग पीओपीचा गणपती पाण्यात महिनोन्‌महिने तसाच कसा राहतोय?" प्रश्न बरोबर आहे. जिप्सम पाण्यात फार थोडं विरघळतं, लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम. त्यामुळे मूर्ती विरत नाही. पण ओलं जिप्सम मऊ पडतं, त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. मूर्ती आपली आपण उभी असते. भिंतीवरच्या पातळ थराला मात्र गिलाव्याला धरून राहायचं असतं, आणि ती पकडच सुटते.

म्हणून माझं मत ठाम आहे. तळमजला, न्हाणीघर, स्वयंपाकघराची सिंकमागची भिंत, पश्चिमेचा पाऊस झोडपतो ती बाजू, इथं सिमेंटचा गिलावा आणि वर पुट्टी. माडीवरचं कोरडं छत, आतल्या खोल्या, तिथं पीओपी खुशाल करा. त्याच्यासारखी सरळ धार पुट्टीला येत नाही.

पण पुट्टी ओल थांबवत नाही. जोत्यातून ओल वर चढत असेल तर आधी तिचा बंदोबस्त, मग पुट्टी. नव्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारा, मग पुरता वाळू द्या, महिनाभर धरून चला. आमचा गिलावा होऊन बारा दिवस झालेत. रंगारी घाई करतोय, मी थांबलोय.

जुन्या भिंतीवर काय आहे कळत नसेल तर कोपऱ्यातला रंग खरवडा, ओलं फडकं दहा मिनिटं दाबून धरा आणि नखानं ओरखडा. चट्‌कन पीठ निघालं तर बहुधा पीओपी.

माडीवर मात्र पीओपीचा वेगळाच उपयोग चाललाय. नव्या फरशीवर प्लास्टिक अंथरून वर त्याचा थर दिलाय, म्हणजे शिडी-घोड्याचा ओरखडा उठत नाही. प्लास्टिक फाटकं नको एवढं बघा. जिन्याजवळ ते फाटलं होतं, तिथं दोन फरश्यांच्या सांध्यात बसलेलं पीओपी काल संध्याकाळी टाचणीनं कोरून काढत बसलो होतो.