‘अविवाहित’पुढचा कंस

सांगलीत विश्रामबागेत एक वधू-वर सूचक केंद्र आहे. मागच्या वर्षी आतेबहिणीसाठी तिथला फॉर्म भरत होतो. ‘वैवाहिक स्थिती’खाली तीन चौकोन होते: अविवाहित, विधवा/विधुर, घटस्फोटित. शेवटच्या दोघांपुढं कंसात बारीक अक्षरात ‘अपत्य : आहे / नाही’. अविवाहितपुढं कंस नव्हता. केंद्र चालवणाऱ्या काकूंना सहज विचारलं, अविवाहित आहे आणि मूलही आहे अशी मुलगी आली, तर टिक कुठं करायची? “असं कुठं असतंय का?” म्हणून त्यांनी मला उडवून लावलं. मग चहा आला, आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, “असतंय. पण ते आमच्यापर्यंत येत नाही.”

काकूंचं हे दुसरं वाक्य लोकसंख्याशास्त्राच्या दृष्टीनं फार मोलाचं आहे. त्याकडं पुन्हा येऊ.

लग्नाआधी मूल झालं तर बाईचं पुढं लग्न जमणं अवघड होतं का? पारावर हा प्रश्न विचारला तर लोक हसतील, यात विचारायचं काय म्हणून. पण ‘मूल असलेल्या कुमारी मातांची लग्नं कमी होतात’ हे एक विधान झालं आणि ‘मुलामुळं कमी होतात’ हे दुसरं. या दोहोंमधलं अंतर मोजण्यात अभ्यासकांची काही दशकं गेली. काम झालं मुख्यतः अमेरिकेत, कारण तिथं अशा आया उघडपणे मोजता येतात. १९६० मध्ये तिथं शंभरातली साधारण पाच बाळं लग्नाबाहेर जन्मत. आता तो आकडा चाळिसाच्या आसपास आहे.

नील बेनेट, डेव्हिड ब्लूम आणि सिंथिया मिलर यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की लग्नाआधी आई झालेल्या बायकांचं पहिलं लग्न होण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी राहते. या बायकांनी लग्नाची आशा सोडली होती म्हणून मूल होऊ दिलं, असंही नव्हतं. बहुतेकींच्या बाबतीत मूल अनपेक्षितच होतं. दहा वर्षांनी झेनचाओ चियान, डॅनियल लिक्टर आणि लिॲना मेलॉट यांनी पुढचा प्रश्न घेतला: ज्यांची लग्नं होतात त्यांना नवरे कसे मिळतात? उत्तर ओळखीचं निघालं. वयानं बरेच मोठे किंवा शिक्षणानं कमी. आपल्याकडं ‘बिजवराला देऊन टाकली’ म्हणतात, त्यातलाच प्रकार.

आता खरी अडचण. सांगलीतलंच उदाहरण घेतो. २०१९ च्या पुरानंतर सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल भागातल्या घरभाड्यांची विश्रामबागेशी तुलना केली, फरक दिसला आणि ‘पुरानं भाडी पाडली’ असा निष्कर्ष काढला, तर तो फसवा ठरेल. नदीकाठच्या सखल जागेला भाव पूर येण्याआधीही कमीच होता. पुराचा स्वतःचा वाटा काढायचा तर एकाच तोलामोलाच्या दोन गल्ल्या हव्यात: एकीत पाणी शिरलं, दुसरीत पायरीशी थांबलं. लग्नाआधी आई होणाऱ्या मुली अमेरिकेतही सगळ्या थरांतून सारख्या येत नाहीत. बहुतेक गरीब घरातल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या, आणि ज्यांच्या वस्तीत धड कमावता मुलगाच सापडत नाही अशा. मूल झालं नसतं तरी त्यांचं लग्न उशिरानंच झालं असतं, किंवा झालंच नसतं.

मग ‘पायरीशी थांबलेलं पाणी’ कुठून आणायचं? इथं संशोधकांनी डोकं चालवलं. ब्रोनर्स आणि ग्रॉगर यांनी १९९४ मध्ये जुळ्यांचा आधार घेतला. पहिल्याच बाळंतपणात जुळं होणं बव्हंशी नशिबाचा भाग असतो. त्यात आईची गरिबी वा शिक्षण ढवळाढवळ करत नाही. म्हणून एक मूल झालेली अविवाहित आई आणि जुळी झालेली अविवाहित आई यांची तुलना केली, की एका जादा, न ठरवलेल्या मुलाचा परिणाम सुटा दिसतो. सुरुवातीच्या वर्षांत रोजगार आणि गरिबी यांवर तो ठळक दिसला. गोऱ्या बायकांच्या बाबतीत तो काळाबरोबर बराचसा विरला, कृष्णवर्णीय बायकांच्या बाबतीत टिकून राहिला. दुसरी युक्ती गर्भपाताची, म्हणजे आपोआप होणाऱ्या. हॉट्झ, मॅकेलरॉय आणि सँडर्स यांनी अठराच्या आत दिवस गेलेल्या मुलींपैकी बाळंत झालेल्या आणि आपोआप गर्भ पडलेल्या मुली ताडून पाहिल्या. किशोरवयातल्या मातृत्वानं आयुष्याची धूळधाण होते असं जे धरून चाललं जाई, त्यातलं बरंचसं नुकसान मुलामुळं नव्हतंच. ते आधीपासून त्या घराच्या उंबऱ्यात बसलेलं होतं.

तरी ‘लग्नाची शक्यता’ म्हणताना कोणाशी लग्न, हे विसरून चालत नाही. अमेरिकेतल्या वीस मोठ्या शहरांत १९९८ ते २००० मध्ये जन्मलेल्या सुमारे ४,९०० बाळांच्या कुटुंबांचा वर्षानुवर्षं माग काढला गेला. त्यातल्या अविवाहित आईबापांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त जोड्या बाळ जन्मलं तेव्हा एकत्र होत्या, निदान प्रेमात तरी होत्या. पाच वर्षांनी एक तृतीयांशाच्या आसपास उरल्या. बाळाच्या बापाशी लग्न व्हायचं तर ते बहुधा बाळाच्या जन्माच्या आगंमागं होतं. ती वेळ टळली की दुसऱ्या पुरुषाच्या हिशोबात मूल खर्चाच्या बाजूला मांडलं जातं. त्या बायकांना लग्नाची किंमत नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. कॅथरिन एडिन आणि मारिया केफालस यांनी फिलाडेल्फिया आणि शेजारच्या कॅम्डेनमधल्या गरीब वस्त्यांतल्या १६२ आयांशी बोलून पाहिलं. लग्न ही त्यांना इतकी मोठी गोष्ट वाटत होती, की नोकरी नसलेल्या, भरवशाच्या नसलेल्या माणसाशी ते उरकून टाकायची त्यांची तयारी नव्हती.

स्वीडनमध्ये हा प्रश्नच विरघळतो. तिथं निम्म्याहून जास्त बाळं लग्नाबाहेर जन्मतात, आईबाप एका घरात असतात, आणि लग्न पुढं कधीतरी होतं, पोरांना सोबत घेऊन. जपानमध्ये उलट टोक: लग्नाबाहेरचे जन्म शंभरात दोन-तीन. पण तिथल्या बोलीत ‘देकिचात्ता-कोन’ असा शब्द आहे, म्हणजे ‘झालंच आहे तर’ केलेलं लग्न. दिवस गेल्याचं कळतं आणि बाळाआधी घाईनं नोंदणी होते. आकडा लहान राहतो तो यामुळंही.

आणि इथं काकूंचं वाक्य. आपल्याकडं दिवस गेल्याचं कळलं की वाटा तीन. पंधरा दिवसांत लग्न उरकायचं. नाहीतर गर्भपात. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ रोजी अविवाहित स्त्रियांनाही ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंतचा मार्ग मोकळा केला. नाहीतर मुलीला लांबच्या मावशीकडं धाडायचं आणि बाळ बालकल्याण समितीच्या स्वाधीन करायचं. आईला फेरविचारासाठी कायद्यानं दोन महिने मिळतात. तिन्ही वाटांनी ती मुलगी ‘अविवाहित, अपत्य नाही’ किंवा ‘विवाहित’ या चौकोनात जाऊन बसते. सर्वेक्षणाची बाई घरी येते तेव्हा सासू बाहेरच्या खोलीत ऐकत असते. म्हणजे शिक्षा जितकी कडक, तितकी ती मोजायला माणसं कमी उरतात.

कधीकाळी ही शिक्षा थेट जिवावरची होती. २९ ऑगस्ट १८६८ ला सावित्रीबाई फुल्यांनी नायगावहून, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातून, जोतीरावांना पत्र लिहिलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार समाजातली मुलगी. तिला सहावा महिना होता. गावानं दोघांची धिंड काढली, मारायला निघाले. सावित्रीबाईंनी इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून सोडवलं आणि दोघांना जोतीरावांकडं पाठवलं. त्याआधी १८६३ मध्ये या दांपत्यानं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. तिथं बाळंत झालेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढं डॉक्टर झाला, पण लग्नाच्या वेळी विधवेच्या पोटचा म्हणून त्याला मुलगी द्यायला कोणी तयार होईना. १८८९ मध्ये कार्यकर्ते ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी लग्न जमलं. आईच्या लग्नावरचं सावट पोराच्या सोयरिकीपर्यंत पोचतं, हे अमेरिकेच्या तक्त्यांत सापडत नाही.

आता उलटी गंमत. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८५१ मुली होत्या. ती मुलं आज विशी-तिशीत आहेत. मुलींचा तुटवडा पडला की निवड करणाऱ्याची ऐट उतरायला हवी, असं अर्थशास्त्राचं साधं अनुमान. काकूंच्या फायलीत ते खरं होताना दिसतं. शेती असलेल्या, तिशी-पस्तिशी ओलांडलेल्या मुलांच्या बायोडाटात आधी ‘घटस्फोटित चालेल’ आलं, मग ‘अपत्य असल्यास चालेल’. हल्ली आणखी एक ओळ येते: ‘मुलगी असल्यास चालेल.’ मुलगा नको.

“जमिनीत वाटा मागंल म्हणून,” काकू म्हणाल्या.

सावत्र मुलगा सावत्र बापाचा थेट वारस नसतो, हे मी त्यांना सांगितलं. पण नवऱ्यामागं बायकोला वाटा मिळतो, आणि तिच्यामागं तो तिच्या मुलांकडं जाऊ शकतो. तिथं कायदा मुलगा-मुलगी बघत नाही, आणि मूल लग्नाआधीचं आहे का तेही बघत नाही. दोघांचा हक्क सारखाच.

काकूंनी फाईल बंद केली. “हे स्थळांना सांगू नका,” म्हणाल्या.