वेलेबितवरची वाट पाणी ठरवतं

क्रोएशियाच्या एड्रियाटिक किनाऱ्याला लगटून वेलेबितची रांग उभी आहे. लांबी सुमारे १४५ किलोमीटर, सर्वांत उंच शिखर वागान्स्की व्रह, १७५७ मीटर. रांगेच्या उत्तर भागात झाविझान इथे १५९४ मीटर उंचीवर १९५३ पासून हवामान केंद्र चालू आहे. तिथल्या नोंदींप्रमाणे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण २००० मिलिमीटर पाणी पडतं. इतक्या पावसाच्या डोंगरात पावलोपावली ओढे असणार, असं कुणीही धरून चालेल. प्रत्यक्षात झाविझानहून दक्षिणेला निघालेला धावपटू दिवसभर धावला, तरी त्याला ओलांडायला एक वाहता ओढा मिळत नाही.

हे पाणी जातं कुठे, हे कळलं की वेलेबितवरच्या धावण्याच्या वाटांचं जवळजवळ सगळं कोडं सुटतं. पाऊल कुठे टाकायचं, पाठीवर किती लिटर घ्यायचं, कुठला उतार दमवणार, कुठे घसरायला होणार, ही सगळी उत्तरं शेवटी पाण्याकडेच जातात. नकाशावर किलोमीटर मोजण्याआधी पाणी वाचावं, असं माझं ठाम मत आहे.

वेलेबितचा बहुतेक दगड चुनखडीचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातल्या जीवांची कवचं आणि चुन्याचा गाळ थरांवर थर साचून काही किलोमीटर जाडीचा खडक तयार झाला. पुढे भूपट्टांच्या रेट्याने तो वर उचलला गेला. चुनखडीचा स्वभाव असा, की साध्या पाण्यात ती फारशी विरघळत नाही. पण हवेतला आणि विशेषतः मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला, की त्याचं सौम्य कार्बोनिक आम्ल होतं आणि ते चुनखडी हळूहळू खातं. वेग अगदी कमी, हजार वर्षांत काही सेंटिमीटर. पण आम्लाचं काम सगळीकडे सारखं होत नाही. खडकात जिथे भेग आहे तिथे पाणी आधी शिरतं, भेग रुंदावते, म्हणून पुढच्या वेळी आणखी पाणी तिथेच जातं. असं होत होत सगळं पाणी आत जिरतं आणि वर वाहायला काही उरत नाही.

या कामाच्या खुणा जवळून पाहायच्या असतील, तर उत्तर वेलेबितमधल्या रोझान्स्की कुकोवी या सुळक्यांच्या परिसरातल्या एखाद्या उघड्या खडकाशी गुडघे टेकून बसावं. करड्या-पांढऱ्या दगडावर बोटाच्या रुंदीच्या पन्हळी वरून खाली उतरत गेलेल्या दिसतात. दोन पन्हळींच्या मधली कड इतकी धारदार, की तळहात टेकताना जपून टेकावा लागतो. कारण असं, की पावसाचं ताजं पाणी कडेच्या माथ्याशी अगदी पातळ थराने वाहतं आणि तिथेच त्याची दगड खाण्याची ताकद सर्वांत जास्त असते. खाली जाईपर्यंत पाणी चुन्याने भरून जातं, पुढे त्याच्याने फारसं खाववत नाही. शेजारी बशीएवढे उथळ खळगे असतात, पाऊस थांबल्यावर थोडा वेळ पाणी धरून ठेवणारे. आणि मध्येच पाऊल सहज आत जाईल अशा उभ्या फटी, काही गुडघ्याएवढ्या खोल, काही माणसाच्या उंचीच्या. वर गवत किंवा पाचोळा साचला की त्या दिसतही नाहीत. अशा खडकाळीला इथले लोक श्क्रापे म्हणतात.

श्क्राप्यांवरून धावताना शरीर नेमकं काय करतं, यावर गेल्या काही वर्षांत चांगलं संशोधन झालं आहे. खडबडीत जमिनीवर चालणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा असं दिसलं की माणूस साधारण दीड सेकंद पुढच्या जागेवर नजर ठेवतो, म्हणजे दोन-तीन पावलं पुढे. आत्ता पडणाऱ्या पावलाकडे तो जवळपास पाहतच नाही. त्याचा निर्णय आधीच झालेला असतो. याचा सरळ अर्थ असा, की दगड जितका अनिश्चित तितका वेग आवरायला हवा, नाहीतर दीड सेकंदात डोळ्यांनी टिपलेली जागा आणि पायाखाली आलेली जागा यांचा मेळ बसत नाही. दुसऱ्या एका प्रयोगात ट्रेडमिलच्या पट्ट्यावर अवघ्या अडीच सेंटिमीटरपर्यंतचे उंचवटे बसवले, तरी धावण्याचा ऊर्जाखर्च पाच टक्क्यांनी वाढला. श्क्रापे त्याच्या कितीतरी पट वाईट. तेव्हा रस्त्यावरच्या वेगाचा हिशोब इथे लावूच नये.

उंचीचा हिशोब मात्र लावावा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला होता: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समुद्रावरून वागान्स्की व्रह गाठायचं, तर नुसत्या चढाचेच जवळपास तीन तास होतात. तयारीचा धावपटू हा आकडा बराच खाली आणतो, पण अंतर आणि चढ वेगवेगळे धरायची ही रीत त्यालाही उपयोगी आहे.

आता वेलेबितवरच्या प्रसिद्ध प्रेमुझिच वाटेबद्दल. वनअभियंते आंते प्रेमुझिच यांनी आखलेली ही वाट १९३० ते १९३३ या काळात बांधली गेली. झाविझानपासून बाश्के ओश्तारिये गावापर्यंत ५७ किलोमीटर. तिच्यामुळे उत्तर वेलेबितचा असा भाग माणसाला खुला झाला, जिथे त्याआधी पोचणंच अवघड होतं. बांधकाम कोरड्या दगडाचं, म्हणजे चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड बसवून. दरीच्या बाजूला रचलेली भिंत, तिच्या आतल्या बाजूला मोठ्या दगडांची भर, आणि वर बारीक खडी. या साधेपणात मोठं शहाणपण आहे. सांध्यांत चुना नसल्यामुळे पावसाचं पाणी भिंतीतून आरपार निघून जातं, आत कोंडत नाही. कोंडलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं तेव्हा सुमारे नऊ टक्के फुगतं आणि भिंत फोडतं; इथे फुगायला पाणीच राहत नाही. नव्वदहून अधिक हिवाळे झेलून ही वाट आजही धावण्याजोगी आहे. कोरड्या दगडी भिंती रचण्याच्या या कलेला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात क्रोएशियाही आहे.

धावणाऱ्याला या वाटेचं खरं मोल कळतं ते चढात. कड्यांच्या, खड्ड्यांच्या, उभ्या सुळक्यांच्या मधून जातानाही प्रेमुझिचांनी चढ कुठे अंगावर येऊ दिलेला नाही. दोन्ही बाजूंना श्क्राप्यांचा समुद्र आणि त्यातून एकसारखा जाणारा, पाऊलभर विश्वासाचा पट्टा. पायाखालची काळजी मिटते, आणि डावी-उजवीकडे पाहायला नजर मोकळी होते. पश्चिमेला खाली पाग, राब आणि क्र्क ही बेटं दिसतात, पूर्वेला बीच या झाडांची जंगलं. त्यातली हायदुच्की आणि रोझान्स्की कुकोवीची जंगलं २०१७ पासून जागतिक वारशात आहेत.

वाटेच्या कडेला जागोजागी मोठे खळगे दिसतात, काही इतके खोल की उन्हाळा लागला तरी तळाशी बर्फ असतो. थंड हवा जड, ती रात्री अशा खळग्यात उतरून बसते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. त्यामुळे खळग्यात खाली जावं तशी थंडी वाढते आणि झाडांचा क्रमही उलटा होतो: वर बीच, खाली थंडी सोसणारी सूचिपर्णी झाडं. याच परिसरात लुकिना यामा ही सुमारे १४३० मीटर खोल गुहा आहे, क्रोएशियातली सर्वांत खोल. तोंड डोंगराच्या माथ्याजवळ, तळ जवळपास समुद्रसपाटीला. तिच्यात ९८० मीटर खोलीवर सापडलेली डोळे नसलेली, पारदर्शक शंखाची इवलीशी गोगलगाय २०१३ मध्ये विज्ञानाला माहीत झाली. वर धावणाऱ्याच्या पायाखाली असा एक उभा, ओला, काळोखा डोंगर आहे, हे माहीत असलं की ती वाट वेगळीच वाटायला लागते.

आणि पाणी अखेर बाहेर पडतं ते समुद्रात. वेलेबितच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे उसळतात. शांत दिवशी पृष्ठभागावर गोल, थरथरणारे डाग दिसतात. डोंगराच्या पलीकडे लिका आणि गात्स्का या नद्या वाहत येऊन जमिनीत गडप व्हायच्या आणि डोंगराखालून इकडे यायच्या. १९६५ पासून त्यांचं बरंचसं पाणी बोगद्यांतून किनाऱ्यावरच्या सेन्यच्या जलविद्युत केंद्राकडे नेलं जातं.

धावपटूच्या दृष्टीने निष्कर्ष रोकडा आहे: पाणी पाठीवर न्यायचं. वाटेवरच्या निवाऱ्यांपाशी छपरावरचा पाऊस साठवणाऱ्या टाक्या असतात, पण उन्हाळ्याच्या शेवटी त्या आटलेल्या असू शकतात, आणि टाकीतलं पाणी गाळून किंवा निर्जंतुक करून प्यावं. किनाऱ्याकडचा उतार उघडा आहे. फिकट दगड वरून आलेलं ऊन अंगावर परतवतो, सावली जवळजवळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राच्या बाजूने वर चढायचं असेल, तर उजाडायच्या आधी निघावं.

दक्षिणेकडची पाक्लेनित्सा मात्र निराळी. १९४९ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या या भागात मोठी आणि छोटी अशा दोन घळी समुद्राकडे उतरतात. मोठ्या घळीत आनिचा कुकचा भव्य कडा उभा आहे, गिर्यारोहकांचं आवडतं ठिकाण. इथे वरच्या भागात झरे आणि चक्क वाहता ओढा आहे, जुन्या पाणचक्क्याही आहेत. कारण इथे चुनखडीच्या खालचे, पाणी न झिरपू देणारे जुने थर उघडे पडले आहेत. चुनखडीतून उतरलेलं पाणी या थरावर अडतं आणि बाहेर येतं. पुढे पुन्हा चुनखडी लागली, की कोरड्या दिवसांत ओढा तिच्यात जिरून जातो. पाणी कुठे भरून घ्यायचं, हे इथे भूगर्भाचा नकाशाच सांगतो.

या घळीतला उतार अनेकांना फसवतो. चुनखडी मुख्यतः कॅल्साइटची असते आणि कॅल्साइट मऊ; कठीणपणाच्या मोजपट्टीवर त्याचा क्रमांक तीन, वाळूतल्या क्वार्ट्झचा सात. हजारो बुटांखाली चिकटून आलेली वाळू वाटेवरचा दगड घासून काचेसारखा गुळगुळीत करते. वरच्या खडबडीत दगडावर बुटाची पकड उत्तम असते, तीच सवय घेऊन दमलेले पाय घळीतल्या गुळगुळीत पायऱ्यांवर येतात, आणि त्यात पाऊस पडलेला असेल तर पाय सुटतोच. शिवाय उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतात. श्वासाला हे हलकं वाटतं, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. दोन दिवसांनी जिना उतरवत नाही तो यामुळे. आधीच्या आठवड्यांत थोडाथोडा उतार पळून ठेवला, तर हा त्रास बराच कमी होतो.

वाट चुकू नये म्हणून दगडांवर आणि झाडांवर लाल वर्तुळातला पांढरा ठिपका रंगवलेला असतो. तो सोडू नये. फटी आणि उभ्या गुहा हे एक कारण. दुसरं असं, की १९९० च्या दशकातल्या युद्धात दक्षिण वेलेबितच्या काही भागांत भूसुरुंग पेरले गेले होते. सफाईचं काम वर्षानुवर्षं चाललं, तरी निघण्याआधी ताजी माहिती उद्यानाच्या कार्यालयातून घ्यावी आणि इशाऱ्याचा फलक दिसला तर मागे फिरावं.

पाण्याखेरीज वेलेबितवर ज्याचं चालतं तो वारा म्हणजे बुरा. डोंगरामागच्या लिका प्रदेशाच्या पठारावर थंड, जड हवा साठते, खिंडींतून ओसंडते आणि समुद्राच्या बाजूने वेग घेत खाली कोसळते. दक्षिण टोकाच्या मास्लेनित्सा पुलावर ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाचे झोत नोंदवले गेले आहेत. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. माझ्या ढोबळ हिशोबाने ताशी १०० किलोमीटरचा वारा उभ्या माणसाला सुमारे ३० किलोच्या भाराइतका रेटतो, १५० चा सुमारे ७० किलोच्या. त्यात तो झोतांनी येतो, त्यामुळे अंग टेकून चालताही येत नाही. माथ्यावर लांबच लांब पांढऱ्या ढगाची टोपी बसली, की बुरा आलाच म्हणून समजावं.

अशा वेळी मन समुद्राकडे धाव घेतं, कारण गाव, रस्ता, गाडी सगळं तिकडे दिसत असतं. पण कोसळणारी हवा पायथ्याकडे येताना आणखी जोर धरते. सेन्य हे किनाऱ्यावरचं गाव बुऱ्यासाठीच ओळखलं जातं. सुटकेची वाट बहुधा उलट्या बाजूला असते, बीचच्या जंगलातून लिकाकडे. उत्तरेत असाल तर क्रास्नो गावाच्या दिशेने. तिथून किनाऱ्यावर ठेवलेल्या गाडीपर्यंत परतायला डोंगराला वळसा घालावा लागतो, तेव्हा थोडे पैसे, चार्ज केलेला फोन आणि एक गरम जॅकेट पाठीवरच्या पिशवीत आधीच टाकून ठेवावं. आणीबाणीत ११२ लावला, की १९५० पासून काम करणारं डोंगर बचाव पथक निघतं.